कॉलेज लहान असलं म्हणून केमिस्ट्री कच्ची राहत नाही

लिबरल आर्ट्स कॉलेजात, म्हणजे मुख्यतः पदवीचंच शिक्षण देणाऱ्या अमेरिकेतल्या लहान कॉलेजात, केमिस्ट्री मेजर (मुख्य विषय) केलं तर पुढे पीएचडीला अडचण येईल का, असा प्रश्न पडतो. माझ्या मते नाही. १९८९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी थॉमस चेक हे ग्रिनेल कॉलेजचे, आणि २०२० च्या मानकरी जेनिफर डाउडना पोमोना कॉलेजच्या. (डाउडनांनी पुढे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) केलं तेही चेक यांच्याच प्रयोगशाळेत!)

अशा कॉलेजांत बहुधा पीएचडीचे विद्यार्थीच नसतात. त्यामुळे प्राध्यापकांच्या संशोधनात पदवीच्या मुलांनाच हात घालावा लागतो. एनएमआरला (रेणूची रचना ओळखायच्या यंत्राला) नमुना स्वतः लावायचा, स्पेक्ट्रम स्वतः वाचायचा, फसलेली अभिक्रिया पुन्हा करायची. शिफारसपत्र लिहिणारे प्राध्यापकही तुम्हाला खरोखर ओळखत असतात.

उणीव एकच, पण मोठी. वरच्या पातळीचे विषय मोजके असतात आणि काही तर एक वर्षाआडच शिकवतात. फिजिकल केमिस्ट्रीआधी कॅल्क्युलस आणि फिजिक्स लागतं, म्हणून मेजर नंतर जाहीर केलं तरी हे विषय पहिल्या वर्षापासूनच घ्या. प्रवेशाआधी विभागाला अमेरिकन केमिकल सोसायटीची मान्यता आहे का, आणि उन्हाळ्यात किती मुलं संशोधन करतात, हे जरूर विचारा.