क्लब वाचवायला चाहत्यांनी ऑनलाइन उभे केलेले पैसे : अनुभव आणि माहिती

रानवारा
स्पेनचा फुटबॉल क्लब ओविएदो २४ वर्षांनी ला लीगात, म्हणजे तिथल्या पहिल्या श्रेणीत परतला तेव्हापासून २०१२ चा नोव्हेंबर पुन्हा पुन्हा आठवतोय, म्हणून हा धागा. तेव्हा क्लब तिसऱ्या श्रेणीत होता. १७ नोव्हेंबरच्या आत जवळपास २० लाख युरो उभे राहिले नसते तर १९२६ पासूनच्या क्लबला कुलूप लागलं असतं. एक शेअर १०.७५ युरोंना. काझोर्ला, माता, मिचू ही तिथेच घडलेली पोरं, त्यांनी घेतले. रेआल माद्रिदने १ लाख युरोंचे घेतले. इंग्रज पत्रकार सिड लो यांनी ट्विटरवर हाक दिली आणि ६० हून जास्त देशांतले २० हजारांवर लोक भागधारक झाले. शेवटी मेक्सिकोचे कार्लोस स्लिम २० लाख युरो घेऊन आले.

शेअरच का विकले, ते महत्त्वाचं. स्पेनमध्ये कंपनीची निव्वळ मालमत्ता भागभांडवलाच्या निम्म्याखाली गेली की ती विसर्जित करावी लागते, नाहीतर भांडवल वाढवावं किंवा घटवावं लागतं. साधं कर्ज काढून हा खड्डा बुजत नाही, कारण जेवढे पैसे येतात तेवढंच देणं वाढतं. भांडवलवाढीत पहिला हक्क जुन्या भागधारकांचा, उरलेले शेअर मग सगळ्यांना खुले. ही पायरी सहसा गाळता येत नाही, त्यामुळे शेवटच्या तारखेतले बरेच दिवस तिथेच जातात.

अशा मोहिमांची आतली माहिती असेल त्यांनी लिहा. रकमा, पद्धत, काय फसलं, सगळं.

शुभदा
बढतीच्या निर्णायक सामन्यात मिरांदेसविरुद्ध पेनल्टी काझोर्लानेच मारली ना? चाळिसाव्या वर्षी! बाकी डबे भरून झाले की वाचते.

रानवारा
हो शुभदाताई, त्यानेच. आणि २०२३ मध्ये परत आला तो किमान पगारावर.

टेम्सकाठ
त्याच नोव्हेंबरात एडिनबराचा हार्ट्सही अडकला होता. करखात्याचे साधारण साडेचार लाख पौंड थकले होते. चाहत्यांनी शेअर घेतले, संकट टळलं, आणि सातच महिन्यांत, जून २०१३ मध्ये, क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला. एकदा जमवलेल्या रकमेने जुनी थकबाकी फिटते, दर महिन्याचा तोटा तसाच राहतो.

मग 'फाउंडेशन ऑफ हार्ट्स'ने वेगळं केलं. महिना १० पौंडांपासून पुढे, थेट बँक खात्यातून वळते. सुमारे ८ हजार लोक. उद्योजिका अ‍ॅन बज यांनी आधी २५ लाख पौंड घालून क्लब सोडवला, चाहत्यांच्या मासिक पैशांतून ते हळूहळू फेडले गेले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ७५.१ टक्के शेअर फाउंडेशनकडे आले. मधे १५ गुणांची वजावट, खालच्या श्रेणीत घसरण, पुढच्याच वर्षी अजिंक्यपद मिळवून परत वर. लोकांनी हप्ते चालू ठेवले म्हणून हे जमलं.

मासिक पैशाचा मोठा फायदा म्हणजे हंगामाआधी पगाराचं अंदाजपत्रक बसवता येतं. जूनमध्ये करार करताना मार्चपर्यंत किती येणार ते माहीत असतं.

अभय०७
टेम्सकाठ काका, असं आपल्याकडे यूपीआय ऑटोपेवर बसेल का?

हिशेबनीस
बसतं. १५ हजार रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही, पहिल्यांदा मंजुरी दिली की झालं. २४ तास आधी सूचना जाते. देणारा कधीही रद्द करू शकतो, आणि तो हक्क त्याला असलाच पाहिजे. तारीख महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली ठेवा. २५ नंतर ठेवली की शिल्लक नसल्याने हप्ते परत जातात, आणि लागोपाठ दोनतीन महिने परत गेले की माणूस गळतो, पुन्हा जोडायला फोन करावा लागतो. पैसे वळते करणारा पेमेंट गेटवे साधारण २ टक्के घेतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०० रुपयांवर २ रुपये ३६ पैसे. हा खर्च लक्ष्यात आधीच धरा.

पेठेतला
आमच्या कोल्हापुरात हे सगळं वर्गणीवरच चालत आलंय. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, सगळी तालीम-मंडळंच. पण ऑनलाइन आलं की घोळ होतो तो खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरवर क्यूआर काढला की. शेकडो छोट्या रकमा वैयक्तिक खात्यात आल्या की बँक विचारणा करते, वरून आयकराला उत्तर द्यायचं ते त्या एकट्या माणसानं. मंडळाच्या नावानंच खातं पाहिजे, सह्या किमान दोघांच्या.

आणि मंडळ नोंदणीकृत नसेल तर सार्वजनिक न्यासाच्या कायद्यातलं ४१ क बघा, धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणपती मंडळवाल्यांना हे तोंडपाठ असतं, फुटबॉलवाल्यांना नसतं.

शुभदा
पेठेतला दादा, पैसे कोणी दिले हे ओळखायचं कसं? सगळे फक्त 'पाठवले' म्हणतात.

पेठेतला
ताई, प्रत्येक कामाला वेगळी रक्कम ठेवायची. जर्सीसाठी ५०१, प्रवासासाठी ५०२, मैदानाच्या भाड्यासाठी ५०३. बँकेचा उतारा काढला की आपोआप वर्गवारी होते. आणि फॉर्मात १२ आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, मागायचा. स्क्रीनशॉट नको, तो कुणीही बदलतो. उतारा रोज रात्री गटावर टाकायचा, देणाऱ्यांचे नंबर झाकून. दोन दिवस टाकला नाही की कुजबुज सुरू होते, आणि कुजबुज सुरू झाली की पैसे थांबतात.

मृण्मयी_क
इंग्लंडच्या एब्सफ्लीट क्लबचं कुणीच काढलं नाही? २००८ मध्ये 'मायफुटबॉलक्लब' या चाहत्यांच्या संकेतस्थळाने प्रत्येकी ३५ पौंड घेऊन तो विकत घेतला. हजारो सभासद, बहुतेकांनी एब्सफ्लीट नकाशावरही पाहिलेलं नव्हतं. त्याच मे महिन्यात वेम्बलीला टॉर्कीला १-० हरवून एफए ट्रॉफी जिंकली, सगळे हवेत. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण केलं ते एक तृतीयांशाच्या आसपास. २०१३ मध्ये क्लब सोडावा लागला.

कारण माझ्या मते साधं आहे. वर्षाची वर्गणी एकदम संपते आणि पुन्हा भरायला नवं कारण लागतं. हार्ट्समध्ये उलट, थांबवायला कारण लागतं. शिवाय खेळाडू विकावा का यावर मतदान घेतलं की एजंटलाही आपली गरज कळते. मतदान मैदान, रंग, बोधचिन्ह, मालकी यांवर घ्या. संघनिवडीवर मुळीच नको.

अभय०७
बोधचिन्हावर मतदान म्हणजे तीन महिने भांडण 🙂 पण पटलं.

टेम्सकाठ
मैदानावरून. पैसे द्यायच्या आधी मैदान कुणाच्या नावावर आणि कुणाकडे गहाण ते तपासा. पोर्ट्समथच्या चाहत्यांनी हजार हजार पौंडांचे शेअर घेतले, पण त्यांच्या फ्रॅटन पार्क मैदानावर जुन्या मालकाचा बोजा होता. एप्रिल २०१३ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत जाऊन ३० लाख पौंडांवर तडजोड झाली, तेव्हा क्लब हाती आला. बरी या क्लबवर तर ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हकालपट्टीच ओढवली, १८८५ चा क्लब. त्याचं मैदान गिग लेन परत मिळायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं, त्यातही सरकारी निधीचे १० लाख पौंड लागले.

आणि नुसत्या आश्वासनांची बेरीज कधीच जाहीर करू नका. पोर्ट्समथला नाव नोंदवतानाच १०० पौंड भरायला लावले होते. ते बरोबर होतं. फुकट नोंदणीत हात वर करणारे खूप असतात, पैसे भरायच्या दिवशी दिसत नाहीत.

नदीकाठ
विम्बल्डन फुटबॉल क्लबचे रोखे विसरू नका. २०२० मध्ये प्लाऊ लेनचं नवं मैदान पुरं करायला पैसे कमी पडत होते, बाहेरचा मोठा भागीदार घ्यायची वेळ आली होती. चाहत्यांनी रोखे काढले, व्याज ० ते ४ टक्के, कितीवर द्यायचे ते देणाऱ्यानेच ठरवायचं. ५० लाख पौंडांवर जमले आणि मालकी चाहत्यांकडेच राहिली. पण हे कर्ज आहे, परत करायचंय. मुदत संपणारं वर्ष आत्ताच ताळेबंदात दिसलं पाहिजे, नाहीतर तेव्हा नवी मोहीम काढावी लागेल.

शुभदा
माझी बहीण न्यू जर्सीला आहे, अमेरिकन नागरिक. इथल्या एखाद्या क्लबला ती देऊ शकते?

हिशेबनीस
ताई, थेट नाही. भारतीय पासपोर्ट असता तर तिच्या स्वतःच्या कमाईतले पैसे चालले असते. परदेशी नागरिकाचे, ओसीआय कार्ड असलं तरी, विदेशी योगदान ठरतात. संस्थेकडे एफसीआरए (विदेशी योगदान कायद्याखालची) नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. छोट्या मंडळांनी या वाटेला जाऊच नये. परदेशातून कुणाचे पैसे चुकून आले तर खर्च करू नका, आधी सीएला विचारा.

अभय०७
२०१० ला मुंबईचा महिंद्र युनायटेड बंद झाला तेव्हा हे सगळं माहीत असतं तर?

हिशेबनीस
उपयोग झाला नसता रे. तो कंपनीचाच संघ होता, विकायला वेगळे शेअरच नव्हते. आणि शेअर असले तरी आपल्याकडे खासगी कंपनीला २०० सभासदांची मर्यादा आहे. ओविएदोसारखे २० हजार भागधारक घ्यायचे तर पब्लिक कंपनी, माहितीपत्रक, सेबी. त्यापेक्षा चाहत्यांची एक नोंदणीकृत संस्था काढून तिने क्लबचे शेअर घ्यावेत, हार्ट्ससारखं. मतदान त्या संस्थेच्या आत.

मृण्मयी_क
+१. आणि लक्ष्य गाठलं नाही तर पैसे परत देणार का, हे पहिल्याच दिवशी लिहून टाका.

शुभदा
रानवारा, ते १०.७५ चे शेअर आता विकता येतात का? मावसभावाकडे एक आहे, फ्रेम करून ठेवलाय.

रानवारा
शेअर बाजारात नोंद नाही, त्यामुळे घेणारा स्वतः शोधून क्लबला कळवून नाव बदलावं लागतं. २०२२ मध्ये मेक्सिकोच्या पाचुका गटाने स्लिम यांच्या कार्सो कंपनीकडून ५१ टक्के घेतले, छोट्यांचे शेअर तसेच राहिले. फक्त दर नव्या भांडवलवाढीत भर घातली नाही तर टक्का घटत जातो. पत्ता किंवा ईमेल बदलला असेल तर क्लबला कळवायला सांगा त्यांना, वार्षिक सभेची आणि नव्या शेअरची सूचना चुकायला नको.