सेस्ना 172 चा प्रोपेलर: 57 चा पिच 53 करावा का?

उडता_खटारा:

नमस्कार मंडळी, इथे दोन-चार जण तरी उडवणारे आहेत हे माहितीये म्हणून विचारतोय. आम्ही तिघं मिळून एक 1978 ची सेस्ना 172एन (चार सीटचं छोटं विमान) घेतलीय, डेन्व्हरच्या सेंटेनियल एअरपोर्टवर उभी असते. एअरपोर्टचीच उंची 5885 फूट, म्हणजे आपण चाकं जमिनीवर असतानाच महाबळेश्वरच्याही वर. हिवाळ्यात मस्त चढते पण उन्हाळ्यात रडते. गेल्या शनिवारी दुपारी 31 डिग्री होतं, मी, बायको, मागे मित्र, पेट्रोल अर्धंच, आणि तरी क्लाइंब रेट मिनिटाला जेमतेम 300 फूट. रनवे संपला तेव्हा खालची घरं इतकी स्पष्ट दिसत होती की कुणाच्या अंगणात काय वाळत घातलंय ते सांगितलं असतं. बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

प्रोपेलर मॅकॉलीचा आहे, ओरिजिनल, 7557, म्हणजे 75 इंच व्यास आणि 57 इंच पिच. शेजारच्या हँगरमधले एक गृहस्थ म्हणाले की 57 हा समुद्रसपाटीवरच्या लोकांसाठी, इथे 53 टाक, 'क्लाइंब प्रॉप'. त्यात परत स्टॅटिक आरपीएम (विमान ब्रेकवर उभं धरून फुल थ्रॉटलला मिनिटाला येणारे फेरे) बघितला तर 2240 च येतोय, पुस्तकात 2280 ते 2400 लिहिलंय. म्हणजे पिच जास्तच आहे ना? पण पार्टनरपैकी एक जण दर महिन्याला कॅन्ससला जातो, तो म्हणतो स्पीड गेला तर माझा हिस्सा विकतो. तर नवा 53 घ्यावा, का आहे तोच मुरडून 55 करून घ्यावा, का गप्प बसावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

घाटातली_एसटी:

मी पायलट नाही पण या विषयाचं वेड आहे म्हणून आधी बाकीच्या वाचकांसाठी सोपं करून सांगतो, चुकलं तर कान धरा. पिच म्हणजे पंखा लोण्यात फिरल्यासारखा न घसरता एक वेढा फिरला तर किती इंच पुढे जाईल तो आकडा. 57 म्हणजे एका फेरीत 57 इंच. हा गिअरच समजा. कमी पिच म्हणजे दुसरा गिअर, खंबाटकी चढायला बरा, इंजिन मोकळं फिरतं, पण तोच गिअर ठेवून साताऱ्यापुढे सरळ रस्त्यावर आलात की इंजिन बोंबलतं आणि स्पीड वाढत नाही. जास्त पिच म्हणजे टॉप गिअर. मोठ्या विमानांना गिअर बदलता येतो, म्हणजे पिच हवेत बदलतो. याच्या 172 ला एकच गिअर, फॅक्टरीतून निघताना ठरलेला.

हिशोब पण सोपा आहे: पिच गुणिले आरपीएम भागिले 1215 केलं की नॉट्समध्ये उत्तर येतं. 57 ला 2700 वर साधारण 127 नॉट, 53 ला 118. प्रत्यक्षात पंखा घसरतो म्हणून हा काही खरा स्पीड नाही, पण दोन पंख्यांमधला फरक समजायला पुरतो. तर कॅन्ससवाल्या पार्टनरचं म्हणणं अगदीच फालतू नाहीये.

---

तेलकट_हात:

खटारा, पंख्याला हात लावायच्या आधी मला तीन गोष्टी सांग.

एक, तो 2240 बघताना मिक्सचर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) केलं होतंस का? तुझ्याच पुस्तकात लिहिलंय, 3000 फुटाच्या वरच्या फिल्डवर टेकऑफच्या आधी फुल थ्रॉटल देऊन आरपीएम जास्तीत जास्त येईपर्यंत लीन करा. तुझी फिल्ड जवळजवळ सहा हजारावर. फुल रिच ठेवून बघितलंस तर इंजिन पेट्रोलात गुदमरतंय आणि तू दोष पंख्याला देतोयस.

दोन, टॅकोमीटर (आरपीएमचा मीटर) कधी तपासलाय? तुझा टॅको म्हणजे केबलवर फिरणारा जुना यांत्रिक डबा, 45 वर्षांचे डबे पन्नास काय शंभर आरपीएम खोटं बोलताना मी बघितलेत, आणि म्हातारे झाले की बहुतेक कमीच दाखवतात. ऑप्टिकल टॅको आण, प्रोपेलरवर रोखायचा, फार महाग नसतो. त्यावर दोन पात्यांचं सेटिंग आहे ना ते बघ, तीनवर राहिलं तर भलताच आकडा येईल. आणि तो खरा बोलतो का हे तपासायचं असेल तर हँगरमधल्या जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटकडे रोख, अमेरिकेत दोन पात्यांच्या सेटिंगला बरोब्बर 3600 आला पाहिजे, आपल्याकडे 3000, कारण 60 आणि 50 सायकलचा फरक. एलईडी दिव्याकडे रोखू नकोस.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. 1978 ची एन म्हणजे इंजिन ओ-320-एच2एडी. या इंजिनाची ख्याती कॅमशाफ्ट आणि टॅपेट खाण्याबद्दल आहे, विशेषतः विमान आठवडेच्या आठवडे उभं राहत असेल तर. कॅम झिजला की व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही, इंजिन श्वास घेत नाही, जोर कमी, स्टॅटिक आरपीएम कमी. आणि मालक काय करतो? पिच कमी करतो! मग आरपीएम वर येतो, सगळे खूश, आणि आत कॅम खातच असतो. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यातली गत. शेवटच्या ऑइल चेंजला फिल्टर कापून आत धातूचे कण आहेत का ते बघितलं होतं का?

कॅम ठीक असेल तर मग ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं टायमिंग, मफलरच्या आतले पत्रे तुटून एक्झॉस्ट तुंबणं, कार्ब हीटचं झाकण नीट न बसल्यामुळे गरम हवा आत येणं, आणि हसू नकोस, थ्रॉटलची केबल कार्बोरेटरच्या स्टॉपपर्यंत पोचतच नसणं. हे शेवटचं मी स्वतः एका गिऱ्हाइकाच्या विमानात पकडलंय, तो नवीन प्रोपेलरची ऑर्डर द्यायला निघाला होता.

नाशिकला ओझरला आमच्या साहेबांचं एक वाक्य असायचं, आधी मीटर खरा का खोटा ते ठरवा मग मशीनला शिव्या द्या. तिकडे लढाऊ विमानं होती, इथे तुझा खटारा, नियम तोच.

---

उडता_खटारा:

काका, लीन केलं नव्हतं. 🤦 टेकऑफला करतो, पण त्या दिवशी नुसतंच हँगरसमोर बघत होतो तर विसरलो. फिल्टर कापला होता, मेकॅनिक म्हणाला स्वच्छ आहे. ऑप्टिकल टॅको मागवतो. पण समजा सगळं नीट निघालं, तरी 53 टाकला तर उन्हाळ्यात फायदा होईलच ना?

---

आरव्हीवाला_ऑस्टिन:

मी होमबिल्ट उडवतो, आरव्ही-9ए, हातानेच बांधलीय, पाच वर्षं आणि एक स्लिप डिस्क. माझा प्रोपेलर जमिनीवर पिच बदलता येणारा आहे, इंजिन बंद, पाना घ्या, पाती फिरवा. त्यामुळे तुझा प्रश्न मी स्वतःच्या खिशातून नाही तर पान्याने सोडवलाय. पहिल्या वर्षी मला पण क्लाइंबचं खूळ होतं, पिच इतका कमी केला की विमान लिफ्टसारखं वर जायचं, एकदम झकास, मित्रांना दाखवायला भारी. मग सरळ लेव्हल केलं की अर्ध्याच्या थोडंसं वर थ्रॉटल आणि आरपीएम 2700 च्या लाल रेषेवर. म्हणजे उरलेलं इंजिन नुसतं बरोबर घेऊन फिरायचं, वापरायचं नाही. ऑस्टिनहून घरच्यांना भेटायला ह्यूस्टनला जाताना सुद्धा वैताग यायचा. दोन महिन्यात थोडा थोडा परत वाढवत आणला आणि आता जिथे आहे तिथे फुल थ्रॉटल लेव्हलला, मी नेहमी उडतो त्या 8000 फुटावर, 2700 च्या जरा खाली राहतो. माझ्या मते हीच खरी कसोटी, तुझ्या नेहमीच्या उंचीवर सपाट उडताना फुल थ्रॉटलला लाल रेषा गाठतोय का, का खूप अलीकडे थांबतोय, का ओलांडतोय.

पण माझं विमान एक्सपेरिमेंटल आहे, मी पाना उचलला आणि लॉगबुकात लिहिलं की झालं. तुझं सर्टिफाइड आहे, तिथे काकांना विचार.

---

तेलकट_हात:

सर्टिफाइडची गोष्ट अशी. तुझ्या विमानाचा कुंडलीकागद म्हणजे टाइप सर्टिफिकेट डेटा शीट, 172 चा नंबर 3ए12. त्यात कोणता प्रोपेलर, व्यास किती, आणि स्टॅटिक आरपीएम किती ते ठरलेलं. तुझा 2280 ते 2400, व्यास 75, घासून घासून 74 पर्यंत चालतो, त्याखाली भंगार. आता लोक खालचा आकडा लक्षात ठेवतात आणि वरचा विसरतात. 2400 च्या वर गेलास तरी तू नियमाच्या बाहेरच.

आता गणित कर. पिच एक इंच कमी केला की स्टॅटिक साधारण 25 ते 50 ने वाढतो, विमानाविमानात फरक. 57 चा 53, चार इंच, म्हणजे 100 ते 200 वाढणार. तुझा खरा स्टॅटिक जर मधेच कुठेतरी असेल तर 53 लावून तू सरळ 2400 पार करशील. हँगरच्या शेजाऱ्याचं 53 कुठून आलं ते पण सांगतो, आधीच्या 172एम ला 150 घोड्यांचं इंजिन होतं आणि तिला 7553 यायचा. तुझं इंजिन 160 चं, म्हणून 57. त्याने बहुधा एम उडवलेली असणार. वेगळा पंखा लावायचा तर वेगळी मंजुरी लागते, नुसतं बोल्टं जुळतात म्हणून लावता येत नाही.

मुरडणं: हे तू किंवा तुझा मेकॅनिक करू शकत नाही, मी पण करू शकत नाही, आणि मी परवानावाला आहे. मी पात्यावरची दगडाची खरड फाइलने काढू शकतो, बस. पिच बदलायला एफएएची (अमेरिकन विमान खात्याची) मान्यता असलेलं प्रोपेलर शॉपच लागतं, ते लोक अॅल्युमिनियम थंडच मुरडतात, पात्याच्या प्रत्येक ठरलेल्या जागी (स्टेशनला) कोन मोजून, मग नवा आकडा मारून देतात. कुणी 'मी गॅरेजमध्ये करून देतो' म्हणाला तर त्याच्या विमानात पण बसू नकोस. पातं सुटलं की असमतोलाने इंजिन माउंटवरून उपटून निघू शकतं.

---

रनवे_एकोणतीस:

सगळं वाचलं, काकांना शंभर मार्क. मी बारामतीला शिकवते, थोडं या बाजूने बोलते. खटारा, तुझा प्रश्न पिचचा कमी आणि हवेचा जास्त आहे रे. 5885 फुटावर 31 डिग्री म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून धरलेली उंची) नऊ हजार फुटांच्या वर. तुझ्या इंजिनाला वाटतंय आपण नऊ हजार फुटांच्या डोंगरावर उभे आहोत. तिथे हवाच तीन-चतुर्थांश, त्यामुळे इंजिनही साधारण तेवढंच. वरून फिक्स पिच असल्यामुळे टेकऑफला तू 2700 वर नसतोसच, 2350 च्या आसपास असतोस, म्हणजे 160 घोडे तुला समुद्रसपाटीवर पण टेकऑफला मिळत नाहीत, 135-140 मिळतात. त्याचे परत तीन-चतुर्थांश कर. शंभर-एक घोड्यांवर तीन माणसं घेऊन निघाला होतास तू.

आमच्याकडे एअरपोर्ट दोन हजार फुटावर, मे महिन्यात दुपारी चाळीस डिग्रीला साडेपाच हजाराची डेन्सिटी अल्टिट्यूड होते आणि नवीन पोरं विचारतात मॅडम आज विमान आजारी आहे का. आम्ही काय पंखा बदलत नाही, सकाळी सहाला उडतो. दोन इंच पिच कमी करून क्लाइंब पन्नास-साठने वाढेल, पण दुपारी एक ऐवजी सकाळी सातला निघालास तर त्याहून जास्त मिळेल, आणि फुकट. मागचा मित्र घरी ठेवलास तर त्याहूनही जास्त. (मित्राला हे दाखवू नकोस.)

क्लाइंब म्हणजे लेव्हल राहायला लागते त्याच्यावर उरलेली शक्ती, म्हणून थोडं वजन कमी केलं की क्लाइंब वजनाच्या प्रमाणापेक्षा बरंच जास्त सुधारतो. चढताना स्पीड किती ठेवला होतास? घाबरून नाक वर ओढलंस ना?

---

उडता_खटारा:

ताई, 65 नॉट. 🙈 पुस्तकात त्या उंचीला जवळपास 70 आहे.

---

रनवे_एकोणतीस:

घे. थोडं उत्तर तिथेही आहे.

---

घाटातली_एसटी:

मला एक शंका, मग पाण्यावर उतरणाऱ्या 172 ला काय करतात? पाण्यातून उपटायला तर अजून जोर लागत असेल.

---

तेलकट_हात:

चांगला प्रश्न. फ्लोटवाल्या 172 ला पूर्ण वेगळाच पंखा, 80 इंच व्यास आणि 42 पिच. लांब पातं, कमी पिच, पाणी सोडवायला जोर जबरदस्त, आणि वर गेल्यावर बैलगाडी. फ्लोटचा वाराच इतका अडतो की स्पीडचं कुणी विचारतच नाही. तिथे जमिनीपासूनचं अंतर पण जास्त मिळतं म्हणून 80 बसतो. खटाराने 80 लावला तर नाकाचा टायर जरा बसला की पातं डांबर खरवडेल.

---

उडता_खटारा:

अपडेट. ऑप्टिकल टॅको आला, आधी ट्यूबलाइटवर रोखला, 3600 दाखवला, काका तुमचे पाय कुठे आहेत. काल सकाळी सातला, 14 डिग्री, वारा नाही, ब्रेक दाबून फुल थ्रॉटल आणि नीट लीन केलं. पॅनेलवर 2270, ऑप्टिकलवर 2345. तीनदा केलं, तिन्ही वेळा 70 ते 80 चा फरक. म्हणजे स्टॅटिक अगदी मधोमध आणि पंखा बिचारा निर्दोष. पार्टनरला फोन केला तर म्हणाला मी म्हणालोच होतो, जे तो कधीच म्हणाला नव्हता.

मग ताईंनी सांगितल्याप्रमाणे एकटाच, पेट्रोल तेवढंच, स्पीड 72 धरून वर गेलो. मिनिटाला 620 फूट. मला आधी वाटलं मीटर बिघडला.

आता एक नवीन भीती. टॅको 75 कमी दाखवत असेल तर मी खाली उतरताना जे 2650 समजत होतो ते 2725 होतं?

---

तेलकट_हात:

हो. लाल रेषा ओलांडत होतास. क्षणभर झालं असेल तर इंजिन मरत नाही पण पुढच्या वेळी मेकॅनिकला सांग. टॅको आधी दुरुस्तीला पाठव किंवा डिजिटल बसव, तोपर्यंत पॅनेलवर 2600 ची मनाशी रेषा धर, काचेवर मार्करने काही काढू नकोस, इन्स्पेक्टरला ते आवडत नाही.

उन्हाळ्यात खरंच चार माणसं न्यायचीच असतील तर पंख्यात पैसे घालू नका, तिघं मिळून साठवा आणि ओव्हरहॉलची वेळ येईल तेव्हा 180 घोड्यांच्या इंजिनाचा एसटीसी (मूळ डिझाइनमधल्या बदलाची मंजुरी) बघा. तोपर्यंत फिल्टर दर वेळी कापत जा, आणि विमान आठवड्याला एकदा तरी अर्धा-पाऊण तास उडवा, नुसतं जमिनीवर चालू करून बंद करू नका, त्याने तेलातलं पाणी जात नाही उलट वाढतं.

---

आरव्हीवाला_ऑस्टिन:

तो मित्र परत बसायला तयार आहे का ते सांग पण.

---

उडता_खटारा:

मित्र तयार आहे. बायको म्हणते सकाळी सातला असेल तर मी पण.