मदत हवी आहे: जुन्या रॅले सायकलची किंमत कशी ठरवायची?

घरात आजोबांची रॅले आहे (पुणे). दांड्यांचे ब्रेक, 28 इंची चाकं, ब्रुक्सची चामडी सीट, तिन्ही गिअर चालू. मागच्या हबवरचं (चाकाच्या मधल्या भागावरचं, गिअर यातच असतात) ग्रीस पुसलं तर ‘स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू 58 3’ (हबची कंपनी, मॉडेल, साल, महिना) दिसलं, म्हणजे हब मार्च 1958चा. हब नंतर बदललाही असेल. पुढचा कंपनीचा बिल्ला गायब, त्यामुळे फ्रेम इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची की आसनसोलच्या सेन-रॅले या भारतीय कारखान्याची, कळत नाही. सीटखालचा नंबर अर्धवट वाचता येतो.

सायकलवाला 1,500 म्हणतो, जाहिरातींत लोक 40,000 मागतात. प्रत्यक्षात कितीला जाते ते कुठेच दिसत नाही. मूळ काळा रंग, सोनेरी रेघा शाबूत आहेत. रंग देणार नाही, सुटे भागही विकणार नाही.

बिल्ल्याशिवाय फ्रेम इंग्लंडची की इथली, हे कशावरून ओळखायचं? आणि अशी सायकल अलीकडे कुणी खरंच विकली-घेतली असेल, तर कितीला?