क्वेरी रेंगाळते म्हणून थेट नवा सर्व्हर? आधी प्लॅन वाचा

चिकोडीकर:
गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या भागात एकच ओरड: ऊसबिलाचा रिपोर्ट निघत नाही, सर्व्हर बदला. माझं ठाम म्हणणं, पैसे घालण्याआधी एक्स्प्लेन ॲनालाइझ चालवा; क्वेरीचं, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं, उत्तर तो कोणत्या वाटेने शोधतो (हाच प्लॅन) ते ही आज्ञा दाखवते. एका सभासदाच्या पंधरवड्याच्या बिलासाठी डेटाबेस वजनपावत्यांचं अख्खं टेबल चाळत असेल, तर नव्या मशीनवरही तो ते चाळणारच. बहुतेक वेळा खोट क्वेरीतच असते. तारखेवर साधा इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधसूची) आहे, पण अटीत त्याच कॉलमला महिना काढणारं फंक्शन लावलेलं. मग इंडेक्स असून नसल्यासारखा. त्याऐवजी '१ डिसेंबरपासून, १६ डिसेंबरच्या आधी' अशी सरळ अट लिहा.

खानापूरची:
दादा, काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना प्लॅन वाचत कोण बसणार? तालुक्याच्या गावात डेटाबेसचा जाणकार शोधून मिळत नाही, रॅम बेळगावात लगेच मिळते. आणि कामाचा डेटा मेमरीत मावला की डिस्कच्या खेपा वाचतात, हे तुम्हालाही नाकारता येणार नाही.

चिकोडीकर:
ताई, नाकारत नाही. पण पोस्टग्रेस या डेटाबेसचे शेअर्ड बफर्स, म्हणजे डेटा धरून ठेवायला राखलेली मेमरी, मुळात १२८ एमबी असतात; मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-इंजिनाचा बफर पूलही सहसा तेवढाच. तो आकडा कोणी वाढवलाच नसेल, तर घातलेली रॅम पुरती कामाला येत नाही. आधी तो बघा की.

निपाणीकर:
एवढा वाद कशाला? प्रत्येक कॉलमवर इंडेक्स टाका, विषय संपला.

चिकोडीकर:
अजिबात नको! काट्यावर पावती फाटली की ती नोंद त्या प्रत्येक इंडेक्समध्येही लिहावी लागते. रिपोर्ट पळेल, काटा रखडेल. या कामाला एकच जोड-इंडेक्स पुरे: आधी सभासद क्रमांक, मग तारीख. क्रम उलटा केलात तर त्या पंधरवड्यातल्या सगळ्यांच्याच नोंदी चाळाव्या लागतात. सभासद एक आणि तारखा अनेक, म्हणून नेमकी अट पुढे, पल्ल्याची (अमुकपासून तमुकपर्यंतची) अट मागे.

खानापूरची:
आणि गावांचं काय? जुन्या नोंदीत बेळगाव, १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या काहींत बेळगावी, शिवाय कन्नडमध्ये भरलेल्या वेगळ्या. ऑपरेटर नावाचा मधला तुकडा टाकून शोधतो. तिथे तुमचा इंडेक्स काय करणार?

चिकोडीकर:
तुकड्याच्या दोन्हीकडे टक्केवारीचं चिन्ह ('इथे काहीही चालेल' या अर्थाचं) लावून शोधलं तर साधा बी-ट्री, म्हणजे क्रमाने लावलेला, इंडेक्स कामाचा नाही, बरोबर. गावाला कोड द्या, त्याची सगळी नावं वेगळ्या लहान टेबलात ठेवा आणि पावत्या कोडावर शोधा. रॅमने हे सुटत नाही.

खानापूरची:
कोडाचं पटलं. पण ऐन हंगामात इंडेक्स बांधायला घेतला आणि पावत्या अडल्या तर?

चिकोडीकर:
पोस्टग्रेसमध्ये 'क्रिएट इंडेक्स कंकरंटली' वापरा. वेळ जास्त लागतो, पण पावत्या चालू राहतात. फक्त मध्येच फसला तर अर्धवट इंडेक्स मागे राहतो, तो काढून टाका.

खानापूरची:
रविवारी रात्री करून बघते. रॅमची मागणी मात्र मी मागे घेणार नाही. पुढच्या हंगामात पावत्या वाढणारच आहेत.