लिनक्सवर बांधणी, विंडोजवर पळवणी : अनुभव लिहा

उबुंटू-डेबियनवर बसून सी किंवा सी++ प्रोग्रॅमची विंडोजसाठी ईएक्सई (विंडोजवर चालणारी फाइल) काढणाऱ्यांनी इथे लिहावं. नुसतं 'जमलं' नको; कुठे आणि का अडतं, तेही सांगा.

प्रतिसाद १
ॲप्टने (उबुंटू-डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) 'मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४' पॅकेज घ्या, म्हणजे लिनक्सवर बसून विंडोजच्या फाइली काढणारा कंपायलर. जीसीसी या नेहमीच्या कंपायलरच्या जागी 'एक्स८६_६४-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२-जीसीसी' चालवा. नावातल्या ३२ने गोंधळू नका, फाइल ६४ बिटचीच निघते. ३२ बिटसाठी सुरुवातीला 'आय६८६' असतं.

प्रतिसाद २
खरी अडचण पुढे येते. ईएक्सई बनते, पण विंडोजवर उघडली की 'लिबएसटीडीसी++-६.डीएलएल सापडत नाही' असा मेसेज. ही डीएलएल (प्रोग्रॅम चालताना लागणारी वेगळी लायब्ररी फाइल) विंडोजची नाही, कंपायलरची आहे. समोरच्या मशीनवर ती असणार कुठून? लिंक करताना, म्हणजे तुकडे जोडून ईएक्सई बनवताना, '-स्टॅटिक' द्या, म्हणजे लायब्ररी ईएक्सईतच जाते. फाइल फुगते, फुगू द्या. पाठवण्याआधी मिंगडब्ल्यूच्या ऑब्जडंपला (फाइलच्या आतली माहिती दाखवणारं साधन) '-पी' देऊन 'डीएलएल नेम'च्या ओळी वाचा. 'लिब'ने सुरू होणारं नाव दिसलं, तर काहीतरी राहिलंय.

प्रतिसाद ३
सॉकेट (नेटवर्कवर बोलायची सोय) वापरत असाल तर त्याची विंडोजची लायब्ररी जोडणारं '-एलडब्ल्यूएस२_३२' सोर्स फाइलच्या नंतर लिहा. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो. लायब्ररी आधी आली तर तोवर तिच्याकडे कुणी काही मागितलेलंच नसतं. तो ती सोडून देतो आणि शेवटी 'अनडिफाइन्ड रेफरन्स'ची रांग लागते.

प्रतिसाद ४
६४ बिट लिनक्सवर 'लाँग' ८ बाइटचा, ६४ बिट विंडोजवर ४चा. स्ट्रक्ट जसाच्या तसा फाइलमध्ये लिहिला की तिकडे सगळे आकडे सरकतात. 'इंट६४_टी' वापरा. बायनरी फाइल 'डब्ल्यूबी'नेच उघडा. नुसत्या 'डब्ल्यू'ने विंडोजवर १० किमतीच्या प्रत्येक बाइटआधी १३ घुसतो. चित्राची फाइल तिथेच बिघडते.

प्रतिसाद ५
तयार सोर्ससोबत येणाऱ्या, बांधणीची तयारी करणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टला '--होस्ट' द्यावा लागतो. होस्ट म्हणजे प्रोग्रॅम जिथे चालणार ते मशीन, जिथे बांधतोय ते नव्हे. शिवाय लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारं 'पीकेजी_कॉन्फिग_लिबडीर' विंडोजच्या लायब्ररींकडे वळवा, नाहीतर लिनक्सच्याच लायब्ररी गळ्यात पडतात.

प्रतिसाद ६
फाइलींची नावं मराठीत असतील तर साध्या 'मेन'मध्ये 'हिशोब.टीएक्सटी'ची प्रश्नचिन्हं होऊन येतात, कारण देवनागरी विंडोजच्या जुन्या एएनएसआय कोडपेजांत (अक्षरांच्या तक्त्यांत) नाही. 'डब्ल्यूमेन' लिहा आणि लिंक करताना '-म्युनिकोड' द्या. फाइल उघडायलाही 'एफओपन' नको, '_डब्ल्यूएफओपन' घ्या.