मदत हवी आहे: बीएला इंटर्नशिप कुठं मिळंल? अर्जंट!!

खानापूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी, इंटर्नशिप पाहिजे. मॅडम म्हणतात सोमवारपर्यंत लेटर आणा नाहीतर मार्क विसरा. तीन ठिकाणी जाऊन आलो, एका संस्थेत तर चार दिवस झाले, सर नाहीत उद्या या, सर नाहीत उद्या या. कॉमर्सवाल्यांचं बरं आहे, सीएच्या ऑफिसात जाऊन बसतात, आम्हाला कोण घेणार? पटकन सांगा, लिंका नकोत.

टिळकवाडीकर
विषय कुठला, सेमिस्टर कुठलं, तास किती? सगळं पोटात ठेवून विचारूलास.

खानापूरचा_पोरगा
सोशॉलॉजी. पाचवं.

टिळकवाडीकर
आणि तास??

बेळगाव_टू_दिल्ली
नीती आयोगाला टाक की. दर महिन्याला १ ते १० तारखेत अर्ज घेतात, किमान सहा आठवडे. बारावीला ८५ टक्के लागतात फक्त.

खानापूरचा_पोरगा
फक्त?? मला ६१ आहेत. आणि सोमवार म्हटलंय मी.

वडगावचे_काका
पीएम इंटर्नशिपमध्ये २०२४ ला महिन्याला ५००० होते. भाच्यानं भरलाय.

टिळकवाडीकर
काका, २०२४ ला आली तेव्हा फुलटाइम कॉलेज करणाऱ्यांना ती चालत नव्हती. हा रेग्युलर आहे.

वडगावचे_काका
मी माहिती दिली. घ्यायची त्यानं घ्यावी.

निपाणीची_लेक
मी बिडी कामगार बायकांवर केलेली, तिथल्याच एका संस्थेकडून. पहिले दोन दिवस वाया गेले, मी वही उघडून प्रश्न वाचत बसायची आणि मावशी मान वर न करता हं हं करायच्या, कारण मजुरी हजार बिड्यांवर, माझ्याशी बोलत बसल्या तर बिड्या कोण वळणार. तिसऱ्या दिवशी वही पिशवीत घातली आणि शेजारी बसून पानं कापू लागले (वाकडीच कापली, त्या हसल्या). मग छाट (नापास म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या) किती जाते, कार्डावर नाव कुणाचं, सगळं आपणहून सांगितलं. तास रोजच्या रोज डायरीत लिही आणि तिथंच सही घे, शेवटी एकदम मागितली तर कोण देत नाही.

खानापूरचा_पोरगा
ताई भारी आहे खरं निपाणी मला लांब पडते. घरी म्हशी आहेत, सहाला परत पाहिजे.

टिळकवाडीकर
हे आता सांगूलास! मग गावच्या ग्रामपंचायतीतच पीडीओंना (पंचायत विकास अधिकारी) भेट, ग्रामसभा, रोजगार हमीचे मस्टर, सोशल ऑडिट, सोशॉलॉजीला अजून काय पाहिजे.

खानापूरचा_पोरगा
सगळी कागदं कन्नडात. बोलतो मी फाडफाड, खरं वाचायला वेळ लागतो.

सीमाभाग_कट्टर
हेच तर! १९५६ पासून हेच चाललंय, मराठी पोरानं आपल्याच गावचे कागद

टिळकवाडीकर
झालं सुरू. अहो त्याला सोमवारपर्यंत लेटर पाहिजे, सीमाप्रश्न नको.

सीमाभाग_कट्टर
प्रश्न तोच आहे, तुम्हाला कळत नाही. त्यानं कोल्हापूरला जावं.

निपाणीची_लेक
म्हशी कोण धुणार, तुम्ही? पोरा, कन्नड येणारा वर्गमित्र घे जोडीला, त्यानं कागद बघायचे, तू लोकांशी बोलायचं. आणि तास विचारलेत त्याचं सांग. यूजीसीच्या हिशोबात एका क्रेडिटला ३० तास, चार क्रेडिट असतील तर १२०, म्हणजे रोज चार तासांनी महिना.

खानापूरचा_पोरगा
दोन क्रेडिट आहेत बहुतेक.

निपाणीची_लेक
मग ६०. एवढ्यासाठी कोण नाही म्हणणार? कॉलेजचं लेटर दाखवलंस तेव्हा काय म्हणाले ते?

खानापूरचा_पोरगा
कॉलेजचं कसलं लेटर? लेटर त्यांनी द्यायचं ना मला?

टिळकवाडीकर
अरे देवा.

निपाणीची_लेक
आधी कॉलेजचं शिफारसपत्र लेटरहेडवर, हा आमचा विद्यार्थी, एवढे तास घ्या म्हणून. ते बघून संस्था घेतल्याचं पत्र देते, तेच मॅडमना पाहिजे. तू रिकाम्या हातानं गेलास तर ‘सर नाहीत’ म्हणणारच की.

खानापूरचा_पोरगा
मॅडमनी कायतरी झेरॉक्स वाटलेली खरं. बॅगेत बघतो.

खानापूरचा_पोरगा
तेच आहे. शिक्का मारायचा राहिलाय, उद्या ऑफिस बारापर्यंतच, पळतो.

वडगावचे_काका
बिडीवरनं आठवलं, निपाणीच्या तंबाखूला आता दर काय चाललाय?

बीकॉम_अनगोळ
कुणाच्या ओळखीत सीए आहे का? पाच ऑफिसं फिरलो, कोण घेईना. अर्जंट.