माणसापेक्षा हुशार मशीन येणार काय? बेळगाव-खानापूर-निपाणीकरांनी मत सांगा

खानापूरकर: मला वाटतंय येणार, आणि आपल्या हयातीत येणार. रे कुर्झवाईल या अमेरिकन संशोधक-लेखकानं २००५ लाच लिहिलंय की २०२९ पर्यंत मशीन माणसाच्या तोडीचं होणार आणि २०४५ ला सिंग्युलॅरिटी, म्हणजे मशीन माणसाच्या बुद्धीच्या कितीतरी पुढं जाणार. तेव्हा लोक हसले, आता कोण हसतंय सांगा की.

उद्यमबाग: मी हसत नाही पण मानतही नाही. एआयवर सुरुवातीला काम केलेल्या हर्बर्ट सायमननं १९६५ ला सांगितलेलं की वीस वर्षांत माणसाचं कुठलंही काम मशीन करणार, १९८५ येऊन गेलं की. आमच्या फाउंड्रीत जुना कारागीर मूठभर वाळू दाबून ओलावा सांगतो, ते कुठं लिहिलेलंच नाही तर मशीन शिकणार कशावरनं?

खानापूरकर: अहो २०१६ ला गो या पटावरच्या खेळातला चॅम्पियन ली सेडॉल अल्फागो या प्रोग्रॅमकडून ४-१ नं हरला. अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमनं प्रोटीनचे आकार सांगितले, एकेका आकारामागं लोकांची वर्षं जायची, २०२४ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये ते बनवणाऱ्यांना वाटा मिळाला. वाळूत सेन्सर घातला की झालं.

उद्यमबाग: सेन्सर आहेत, तरी त्या कारागिराला विचारूनच साचा भरतात. गो खेळाचे नियम ठरलेले असतात. अल्फाफोल्ड शिकलं ते १९७१ पासून माणसांनी लॅबमध्ये राबून जमवलेल्या प्रोटीन डेटा बँकेवर, ते कष्ट कुणी मोजतच नाही.

निपाणीची टीचर: तुम्ही दोघं २०४५ वर भांडालाय, माणसात मशीन कधीच आलंय. भावाच्या पोराला कॉक्लिअर इम्प्लांट आहे, बाहेरचा प्रोसेसर आवाज पकडतो आणि आतली इलेक्ट्रोड थेट कानाच्या नसेला सिग्नल देते. पहिल्यांदा हाक ऐकून वळला तेव्हा घरातले सगळे रडले, त्यामुळं ट्रान्सह्युमॅनिझमला, म्हणजे तंत्रज्ञानानं माणसाची क्षमता वाढवायच्या विचाराला, सरसकट नावं ठेवलेली मला चालणार नाही. पण ऑपरेशननं काम संपत नाही, पुढं स्पीच थेरपी लागते, आणि पोर घरी मराठी ऐकतंय, थेरपी मिळाली कन्नडमध्ये, मराठीत शिकवणारं कोण मिळेना म्हणून वहिनी रोज स्वतः बसते. शिवाय प्रोसेसर बिघडला, मॉडेल जुनं झालं की खर्च आपलाच. उद्या मेंदूत चिप घालाल तेव्हा तिचे पार्ट कोण देणार, ते आधी बोला.

खानापूरकर: मॅडम, खर्च उतरतो हो. मोबाईलचा उतरला की.

निपाणीची टीचर: मोबाईल नको झाला तर बाजूला ठेवता येतो, डोक्यातलं काढायला परत ऑपरेशन.

उद्यमबाग: पोराच्या इम्प्लांटला माझा विरोध नाही, तो उपचार आहे. धडधाकट माणसाला चिप कशाला? आणि जेफ्री हिंटन, ज्यानं न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे मेंदूच्या धर्तीवर शिकणाऱ्या प्रोग्रॅमवर, आयुष्य घातलं, तो २०२३ ला गुगल सोडून धोका सांगत फिरतोय, त्याचं उत्तर द्या खानापूरकर.

खानापूरकर: तो धोका सांगतोय म्हणजे मशीन येणार हे त्यालाही पटलंय की! माझा मुद्दा तोच.